वस्ताद, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

वस्ताद, नमस्कार.

मैदानाबाहेरून पोरांवर ओरडणाऱ्या आईबापांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : "खाशाबांच्या कराडात राहून स्पर्धेला नावं ठेवता? गरिबाच्या पोराला पदकाशिवाय वर यायची दुसरी वाट कुठाय? बाप ओरडला तर काय बिघडलं?" दोन दिवस हे डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. पदकाच्या वाटेबद्दल मी लिहायला हवं होतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला पोराच्या कुस्तीत पोलीस भरती दिसते, यात त्याचा काय दोष? मी त्या बापाला लोभी ठरवून मोकळा झालो. ते चुकलं.

पण पैलवान खाशाबा जाधवांचा दाखला तुमच्या बाजूने जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरात त्यांना वडिलांनीच कुस्तीला लावलं, खरं. मात्र १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले तेव्हा २२ वर्षांचे होते आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं तेव्हा २६ वर्षांचे. हार पचवून चार वर्षं पुन्हा घाम गाळायचं ते वय. मी लिहिलं होतं सहावी-सातवीतल्या पोरांबद्दल.

आता जे त्या लेखात लिहायचं धाडस झालं नाही, ते सांगतो. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना शालेय कुस्तीत ३८ किलोच्या गटात उतरणार होता. वजन भरत होतं साडेएकोणचाळीस. आदल्या दिवशी मी त्याला दोन स्वेटर घालून पळवलं, रात्री जेवण दिलं नाही, पाण्याचा तांब्या उचलून ठेवला. वाढत्या पोराच्या अंगातून एका रात्रीत जातं ते पाणी, एवढं कळायला शिक्षण लागत नाही. तरी मी केलं, कारण ४१ च्या गटात तो हरेल आणि विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला जाणार नाही, ही भीती मला होती. त्याला नव्हती. वजनात बसला, पहिलीच कुस्ती हरला, आणि मी सगळ्यांदेखत त्याला बोललो. पुढच्या सोमवारी तो तालमीत गेला नाही. नंतर कधीच गेला नाही.

तुम्ही म्हणाल, एकट्याचं उदाहरण. मग जपानचं घ्या. तिथल्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. लहान मुलांना वजन उतरवायला लावणं, पालकांनी पंचांवर ओरडणं, हे वाढलं होतं म्हणून. आदल्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोची ९ सुवर्णपदकं जिंकलेला हा देश. त्याला कोण मऊ म्हणेल?

आणि जपान तरी कशाला, आपली जत्रा आठवा. कुस्तीच्या फडात सुरुवातीला बारकी पोरं सुटायची ती रेवड्यांवर. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या कुस्त्या. जोड लावायचे तुमच्यासारखे जाणते, नजरेनं. काट्यावर कुणी कुणाला चढवत नव्हतं. लढत रेंगाळली की बरोबरीत सोडवायचे आणि पडलेल्या पोराच्या पाठीवरही कुणीतरी थाप मारायचा. पोरं जीव तोडून लढायची, स्पर्धा नव्हती असं कोण म्हणेल? फक्त त्या रेवडीवर घराचा संसार टांगलेला नव्हता. जसं वय वाढेल तसं इनाम वाढायचं. ही समज आपल्या मातीतच होती, वस्ताद. ती आपण मॅटवर जाताना बाहेर ठेवून आलो.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडे चौदा वर्षांखालची पोरं आहेत. एखादं गटापेक्षा किलोभर जड भरलं, तर त्याला वरच्या गटात खेळवा आणि त्याच्या बापाला ते तुम्ही स्वतः सांगा. माझ्यासारख्याचं तो ऐकणार नाही. वस्तादाचा शब्द मोडायची हिंमत आजही आपल्याकडे कुणाची नाही.

शेवटी तुम्ही तालमीत यायचं निमंत्रण दिलंत. मी नक्की येतो. मुलालाही घेऊन या म्हणालात. त्याला विचारतो आणि तो जे म्हणेल ते कळवतो.