आसगावात स्टुडिओ पाहिजे

उत्तर गोव्यातल्या आसगाव-हणजूण पट्ट्यात चित्रं काढण्यापेक्षा ती काढायला खोली मिळवणं जास्त कसबाचं काम आहे, असं माझं ठाम मत. मागणी काय, तर उत्तरेचा उजेड, बारा फुटांचं छत आणि रंग सांडला तरी कुणी रडणार नाही अशी जमीन.

सत्तरच्या दशकात अशी घरं इथं ओस होती. मालक मुंबईला नाहीतर आखातात, कौलं फुटकी, विहीर परसात. म्हणून तर अमेरिकन, जर्मन, फ्रेंच हिप्पी मंडळी इथं टिकली. पैसे संपले की असेल ते सामान विकायचं, त्यातूनच हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. ‘एट फिंगर एडी’ नावाचा अमेरिकन हिप्पी त्याच्या जनकांपैकी एक मानला जातो. तो २०१० मध्ये गेला. आता त्या बाजारात लमाणी भरतकाम आणि राजस्थानी चादरी मिळतात. गिटार विकून घरभाडं भरणारा मात्र सापडायचा नाही, कारण एका गिटारीत भाडं भागत नाही.

टुरिस्ट व्हिसावर परदेशी माणसाला इथं घर विकत घेता येत नाही, तेव्हा तो जन्माचा भाडेकरू. तो राहायला आला की चोवीस तासांत मालकाने त्याची माहिती सरकारला कळवायची. करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या वर गेला की नोंदणी सक्तीची. पण नाताळ संपल्या संपल्या सुरू केले नाहीत, तर त्या अकरा महिन्यांत पुढचा नाताळ येतोच! आणि नाताळच्या एका आठवड्यात पर्यटक जे देतो ते चित्रकार वर्षभरात देत नाही, हे मालकिणीला तोंडपाठ असतं. मग ती प्रेमाने म्हणते, “बाब, पावसांत राव, मागीर पळोवया.” म्हणजे पावसात राहा, पुढचं मग पाहू.

पावसात म्हणजे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाण्यात. तैलरंग वाळतो तो हवेतला ऑक्सिजन शोषून. दमट गारव्यात ते काम फारच रेंगाळतं. कॅनव्हासला लावलेला सरस ओल पितो आणि मागून बुरशी धरतो. कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब पेटता ठेवला तर कागद वाचतात, कॅनव्हास कपाटात मावत नाही.

बाकीची घरं दिल्ली-बंगळूरच्या सेवानिवृत्तांनी घेतली. ‘कलावंतांचं गाव’ म्हणून येतात, आणि पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याने झोपमोड होते म्हणून व्हॉट्सॲपवर खलिते लिहितात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवरचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करतात, वर प्लॅस्टिक पेंट. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्यातून ती बाहेर पडायची, सिमेंटखाली कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार फुगतात आणि सोफ्यामागे भारताच्या नकाशाएवढा पोपडा येतो.

तो झाकायला चित्र लागतं. चार फूट बाय तीन, “लोकल आर्टिस्टचं”, निळं असल्यास उत्तम. गेलेल्या स्टुडिओचं भाडं असं परत येतं, त्यामुळे मी सिमेंटविरुद्ध फार बोलत नाही. फक्त फ्रेमच्या चारी कोपऱ्यांना मागून बुचाचे अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटवून द्यावेत, म्हणजे मागे हवा खेळते. नाहीतर पुढच्या गणपतीपर्यंत निळ्यावर हिरवं येतं आणि गिऱ्हाईक विचारतं, हे आधीपासून होतं का?