‘अर्ली’ भरलं की प्रवेश तिप्पट सोपा? आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा

मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवू पाहणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत पुढे ढकलला जातो: “१ नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजनमधून अर्ज भरा, शक्यता तिप्पट होते. ब्राउनचंच बघा, अर्लीत १४ टक्के, एकूण ५ टक्के. सगळ्या नामांकित कॉलेजांत असंच आहे. भरायला तोटा काहीच नाही.”

अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच येणार, अशी आधीच हमी द्यायची, ती फेरी. ब्राउन विद्यापीठाचे हे आकडे खरे आहेत. २०२४ मध्ये दाखल झालेल्या बॅचला प्रमाण साधारण एवढंच होतं. पण अर्लीच्या रांगेत उभं कोण असतं? कोचने आधीच हेरलेले खेळाडू बहुतेक याच फेरीत येतात. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीनुसार तिथे अशा खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. आता एक काल्पनिक हिशेब करा. १००० अर्ज, १४० प्रवेश, त्यातले ६० जण असे ठरलेले खेळाडू. उरलेल्या ९४० मुलांसाठी जागा राहिल्या ८०, म्हणजे साडेआठ टक्के. अनेक कॉलेजांत झुकतं माप मिळणारी माजी विद्यार्थ्यांची मुलं यातून अजून वजा व्हायची आहेत. नाशिकच्या किंवा सांगलीच्या मुलीने १४ हा आकडा स्वतःचा समजू नये.

फायदा अजिबात नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. क्रिस्टोफर अॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, सारख्या गुणवत्तेच्या मुलांची तुलना करूनही अर्लीचा फायदा एसएटी या प्रवेश परीक्षेच्या सुमारे १०० गुणांइतका निघाला होता. येणारच अशी हमी देणारा विद्यार्थी कॉलेजला हवा असतो. म्हणजे फायदा आहे, पण त्याची किंमत ती हमी आहे.

‘सगळ्या कॉलेजांत’ हे तर साफ चूक. एमआयटीची अर्ली फेरी बंधनकारक नाही, आणि २०२४ मध्ये दाखल झालेल्या बॅचला तिथे अर्लीत ५.३ टक्के, एकूण ४.५ टक्के असं प्रमाण होतं. बर्कली, यूसीएलए यांच्यासह कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्ली फेरीच नाही.

आणि ‘तोटा नाही’? मला सर्वात जास्त राग याच वाक्याचा येतो. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अशा खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या घरात जातो. चार कॉलेजांची आर्थिक मदत शेजारी ठेवून तुलना करायची संधी तुम्ही त्या सहीने सोडता. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, पण तोवर डिसेंबरचा मध्य उजाडलेला असतो आणि बाकीचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरायचे असतात. शिवाय अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला किती मदत लागेल हे प्रवेश ठरवतानाच पाहतात. ती अडचण अर्लीने जात नाही.

बारावीचं वर्ष, त्यात नोव्हेंबरची घाई. ज्या मुलाचा अर्जासोबतचा निबंध अजून कच्चा आहे, त्याला जानेवारीपर्यंतचे दोन महिने या फेरीपेक्षा जास्त कामाचे आहेत. तरीही अर्ली डिसिजनच भरायचं असेल, तर सही करण्याआधी त्या कॉलेजला ईमेल करून परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीचा नियम लेखी मागवा.