आधी कविता उडते

प्रकाशनसंस्थेची पुनर्रचना श्रावणातच करावी, असा काहीतरी मुहूर्त सल्लागारांच्या पंचांगात असावा. दिवाळी अंकाचा मजकूर अर्धामुर्धा आलेला, जाहिरातवाले दारोदार फिरताहेत आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे पडद्यावर कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणारा चौकटींचा तक्ता लागतो. तक्त्यात मुद्रितशोधक सापडत नाही. त्याच्या जागी ‘कंटेंट क्वालिटी असोसिएट’ असतो. पगार तोच, साहेब मात्र दोन. 2023च्या डिसेंबरात दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, एकचा आठ झाला. गाडी होती तिथेच लागते, माणसं तेवढी जिन्यात गोंधळतात. तसंच हे.

सल्लागार हुशार असतात, वादच नाही. पण त्यांना फर्मा समजावताना आम्हाला घाम फुटतो. एका तावावर दोन्ही बाजू मिळून 16 पानं छापायची, घड्या घालायच्या, की झाला फर्मा. 192 पानांचा अंक म्हणजे 12 फर्मे. शेवटच्या दिवशी एखाद्या बँकेची पानभर जाहिरात आली म्हणून अंक 193 पानांचा होत नाही. एकतर चार किंवा आठ पानांचा तुकडा जोडा (म्हणजे वेगळ्या प्लेटा, वेगळी घडी, वेगळं बिल), नाहीतर आतलं एक पान काढा. कविता उडते. कथा उडत नाही, कारण कथालेखक फोन करतो. उलट जाहिरात गळाली तर भोक बुजवायला चार-दोन छोट्या कविता हाताशी लागतात. सल्लागारांनी त्यांची नोंद ‘पडून असलेला साठा’ अशी केली.

मग काटकसर. 80 जीएसएमऐवजी (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या कागदाऐवजी) 70चा, म्हणजे पातळ कागद घ्यायचं वरच्या चौकटीत ठरतं, तोवर मुखपृष्ठं छापून आलेली असतात. 192 पानं म्हणजे 96 पत्रं (पाठपोट दोन पानांचं एक पत्र). एकेका पत्राचा फरक बोटाला लागत नाही, पण सगळे मिळून अंकाचा कणा, म्हणजे बांधणीकडची जाड कड, मिलिमीटरभर बारीक होतो आणि कण्यावरचं नाव मुखपृष्ठाच्या कडेला सरकतं. जबाबदार कोण, यावर बैठक होते. तिला निर्मिती विभाग नसतो, कारण तो आता ‘व्हेंडर’ असतो.

अक्षरजुळणीही बाहेर जाते. जुन्या पुस्तकांच्या फायली युनिकोडपूर्व फाँटमधल्या. रूपांतर केलं की बहुतेक मजकूर नीट येतो, आणि तिथेच घात होतो. रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो, पहिली वेलांटी मागच्या अक्षरात राहते, सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात. अथपासून इतिपर्यंत पुन्हा प्रूफ वाचण्याला पर्याय नाही. वाचणारा असोसिएट त्या वेळी ‘बदलाला सामोरे जाताना’ या प्रशिक्षणाला बसलेला असतो.

एचआरच्या मॅडमनी बोलावून चहा मागवला, की ओळखावं. ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर रेकॉर्ड चांगलं राहील,’ असं त्या मायेनं सांगतात. तिथे सही करू नये. पत्र घरी नेऊन वाचतो म्हणावं. राजीनामा आपला म्हटला की कपातीच्या भरपाईवर पाणी सोडावं लागतं. सलग पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा असो की कपात, मिळते: ढोबळमानानं शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांहून मोठा तुकडा अख्खं वर्ष धरतात. फर्म्याला जमलं नाही ते कायद्याला जमलं. महिना 26 दिवसांचा धरतात, हे दिवाळी अंकवाल्यांना खरं वाटत नाही. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का, तेही बघून घ्यावं, नाहीतर पैसे अडकतात.

एवढं सगळं होऊन मशीन उभंच असतं, कारण अंतिम प्रुफावर ‘छापावे’ लिहून सही कुणी करायची, हे तक्त्यात नाही. मंजुरीची मेल सहा जणांना जाते, सहाही जण ‘पाहिलं’ म्हणतात, ‘छापा’ कुणी म्हणत नाही. मशीनवाल्याला चौकटी कळत नाहीत. तो सरळ जुन्या मुद्रितशोधकालाच फोन लावतो, जो गेल्याच आठवड्यात ‘मोकळा’ झालाय. तोही सवयीनं चष्मा शोधतो, व्हॉट्सअॅपवर पानं मागवतो आणि दहा मिनिटांत कळवतो, ‘114 आणि 115ची अदलाबदल झालीय, आणि बँकेचं नाव चुकलंय.’