चहा स्वस्तच होता

आमच्या गावाच्या ग्रामसभेत माझी जागा ठरलेली आहे. शाळेच्या सभागृहात डाव्या भिंतीला दोन रांगा दोरी लावून वेगळ्या काढतात, तिथे मतदार नसलेल्यांनी बसायचं. बॉस्टनपासून तासाभरावरचं हे गाव. दर वसंतात गावकरी जमतात आणि वर्षाचा खर्च बाबवार मंजूर करतात: शाळेला किती, बर्फ काढायला किती, आगीचा बंब नवा घ्यायचा की जुनाच आणखी दोन वर्षं ओढायचा. घर माझ्या नावावर आहे, घरपट्टी मी भरते, पगारातून केंद्राचा आणि राज्याचा कर कापला जातो तो वेगळा. बारा वर्षं झाली, ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर लागायचाच आहे. मत द्यायची वेळ आली की सगळे रंगीत कार्डं उंचावतात आणि मी मांडीवरच्या अंदाजपत्रकात डोकं घालते.

म्हणून दर ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या घरच्या ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. ‘अमेरिकनांनी करापायी इंग्रजांना हाकललं, आणि आपण? जीएसटी भरतो, घरपट्टी भरतो, मुकाट!’ मग महाराष्ट्र दिल्लीला रुपया देतो आणि परत किती पैसे येतात, यावर दोन दिवस जुंपते.

पण कर जड झाला म्हणून अमेरिकन उठले, ही समजूतच कच्ची आहे. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध १७६३ साली संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालं होतं. अमेरिकेच्या रक्षणाचा थोडा खर्च अमेरिकेने सोसावा, असं लंडनला वाटलं. वाटण्यात गैर काय होतं? इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. १७६५ साली स्टॅम्प कायदा आला: वर्तमानपत्र, मृत्युपत्र, परवाना, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा मुद्रांकाशिवाय चालेना. इतकी बोंब झाली की वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. मात्र ज्या दिवशी तो रद्द झाला, त्याच दिवशी, १८ मार्च १७६६ रोजी, वसाहतींचा एकही खासदार नसलेल्या पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींना बांधील असे कायदे कोणत्याही बाबतीत करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पैसे सोडले, हक्क ठेवला. माझ्या मते खरी ठिणगी तिथे आहे.

चहाची गोष्ट तर उलटीच. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा चिनी चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा मिळाली. दलाल कटले, चहा स्वस्त झाला. पौंडभर वजनामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा राहिला. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात लोकांनी ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, त्या स्वस्त चहाच्या. विकत घेतला असता तर त्या तीन पेन्सांबरोबर पार्लमेंटचा हक्कही गिळावा लागला असता. (त्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले आणि पुढे राघोबादादा मदतीसाठी त्याच कंपनीच्या दारात गेले. १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, तेव्हा टिपूवर आपल्याही फौजा त्याच्याच बाजूने गेल्या.)

बॉस्टनचं बंदर बंद झालं ते १७७४ मध्ये, शिक्षा म्हणून. पण आमच्या भागातले शेतकरी पेटले ते दुसऱ्या कायद्याने. ग्रामसभा वर्षातून एकच, पुढच्या प्रत्येक सभेला गव्हर्नरची लेखी परवानगी! चहाशी ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं, ते यावर घराबाहेर पडले. सप्टेंबरमध्ये वूस्टर गावी साडेचार हजारांवर माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली. राजाने नेमलेले न्यायाधीश आणि अधिकारी मधून टोप्या हातात घेऊन चालले, थांबत थांबत, आपण पद सोडल्याचं पुन्हा पुन्हा वाचत. एक गोळी सुटली नाही. युद्धाची पहिली, लेक्सिंग्टनची लढाई त्यानंतर सात महिन्यांनी झाली.

हे लोक संत नव्हते. बरेच व्यापारी चोरटा डच चहा विकून गबर झालेले. अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे मूलनिवासींच्या जमिनीत वस्ती करू नका, ही राजाची १७६३ ची मनाई अनेकांना डाचत होती. १७७५ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने राजाच्या बाजूने लढणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य कबूल केलं, तेव्हा तिथले मळेवाले जास्तच भडकले. दोरीपलीकडच्या रांगा त्यांनीही ठेवल्याच.

इतकं सगळं मी बाबांना फोनवर सांगत होते. निमित्त होतं आमच्या गल्लीतलं तुंबलेलं ड्रेनेज. २०२२ च्या मार्चपासून मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांत निवडून आलेलं कोणी नव्हतं. आमच्याकडेही तेच, प्रशासकाचा कारभार. घरपट्टी मात्र वेळेवर.

“प्रशासकच बरा,” बाबा म्हणाले. “नगरसेवक होते तेव्हा त्यांनी काय दिवे लावले?”

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. लंडनचाही युक्तिवाद असाच होता: मँचेस्टरचा तरी कुठे खासदार आहे, पार्लमेंट सगळ्यांचाच विचार करतं. बरा कारभार आणि स्वस्त चहा एकाच वखारीतला माल, असं काहीतरी मी बोलले. बाबांनी विचारलं, “आणि तुझं काय? तू तिथे बारा वर्षं मताशिवाय कर भरतेस, त्याचं?” मी आपण होऊन आले, मुदत वाढवून घेत राहिले, वसाहतवाल्यांशी माझी तुलना होत नाही. तरी ते लागलं. आपल्याकडे मात्र ज्यांचं नाव मतदार यादीत होतं त्यांच्यापुढेही दोरी होती, आणि चार वर्षं आपण भांडलो ते रुपयामागे पैसे किती यावर.

यंदाच्या सभेत मी हात वर केला. मतदार नसलेल्याने बोलायचं तर सभेची परवानगी लागते. अध्यक्षांनी विचारलं, कोणी हरकत घेतली नाही, आणि मी शाळेसमोरच्या पदपथावर दोन मिनिटं बोलले. नंतर कार्डं उंचावली, मोजणी झाली, पदपथ अकरा मतांनी पडला.

बाबांनी जानेवारीत, १५ तारखेला, महापालिकेसाठी मत देऊन बोटावरच्या मार्करच्या रेघेचा फोटो पाठवला होता. परवा पुन्हा फोन आला. ड्रेनेज तसंच आहे. “नव्या नगरसेवकाला तीनदा फोन केला, उचलत नाही,” ते म्हणाले. “पण सकाळी सातला चौकात चहाला येतो म्हणे. उद्या तिथेच गाठतो.”