‘सुरुंगावर चमकणारे जिवाणू’: खरे किती?

‘जिवाणू फवारले की पुरलेला सुरुंग डोळ्यांना चमकताना दिसतो, आणि तेच जिवाणू पाणीही शुद्ध करतात,’ असा संदेश फिरतो आहे. त्यात थोडे तथ्य आहे, बाकी पदरचे.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये असा प्रयोग खरोखर प्रसिद्ध केला. पण जिवाणू फवारलेले नव्हते. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलसारख्या पदार्थाच्या) मण्यांत कोंडलेले होते. चमक टिपायला लेसर यंत्रणा लागली, अंतर सुमारे 20 मीटर. शिवाय जिवाणूंना सुरुंग ‘दिसत’ नाही. सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकासोबत डीएनटी हे रसायन असते; त्याची जमिनीतून झिरपणारी वाफ त्यांना कळते. त्यामुळे चमक नाही म्हणजे जमीन सुरक्षित, हा अर्थ काढणे जिवावर बेतेल.

पाण्याचे म्हणाल तर त्यात उतरलेली स्फोटके ओळखायला प्रतिपिंडांवर (ठरावीक पदार्थालाच चिकटणाऱ्या प्रथिनांवर) चालणारे बायोसेन्सर, म्हणजे जैविक घटक वापरून पदार्थ ओळखणारी उपकरणे, वापरली गेली आहेत. टीएनटी मातीला बऱ्यापैकी चिकटते. आरडीएक्स हे दुसरे स्फोटक मात्र सहज भूजलात उतरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पिण्याच्या पाण्यासाठीची आजीवन सल्लामर्यादा (आयुष्यभर प्यायले तरी अपाय अपेक्षित नाही असे प्रमाण) दोन्हींसाठी लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. सेन्सर हे प्रमाण मोजतो, पाणी शुद्ध करत नाही. (तापमापकाने ताप उतरतो का?) त्याचा निकालही प्रयोगशाळेत पडताळावा लागतो.