पोरगी हुशार आहे, पण स्वतःच्या मनानं लिहिते

तुमच्या घरात गणितात ८० पैकी ७८ पाडणारं मूल आहे का? विज्ञानाच्या दोन्ही भागांत ४० पैकी ३८, ३९? मग तुमच्या जिवाला एकच घोर असणार, की हे पोर इंग्रजीतही असंच पुढं गेलं तर करायचं काय! घाबरू नका. गेल्या शनिवारी दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर बघायला लेकीच्या शाळेत गेले होते. तिथं जे शिकायला मिळालं ते तुम्हाला फुकट देते. नीट पाळलंत तर कितीही हुशार पोर इंग्रजीत ५१ च्या वर जायचं नाही. आम्ही ८० पैकी ५१ वर आणून दाखवलंय.

सुरुवात लवकर करावी. सरकारनं त्याची सोय केलेलीच आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला यायचं, २००० सालापासून ते पहिलीलाच येतं. म्हणजे दहावीपर्यंत चांगली दहा वर्षं हाताशी. या दहा वर्षांत इंग्रजीचा तास मराठीत घ्यावा. बाई एक ओळ वाचणार, तिचा अर्थ मराठीत सांगणार, पोरं तो पेन्सिलीनं शब्दांच्या डोक्यावर लिहून घेणार. माझ्या लेकीच्या पुस्तकात छापलेल्या ओळींपेक्षा डोक्यावरच्या ओळी जास्त आहेत. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर, फळ्यावरनं वहीत, वहीवर बाईंची सही. दहा वर्षांत पोराच्या तोंडून स्वतःचं एकही इंग्रजी वाक्य बाहेर पडलं नाही, म्हणजे पाया पक्का झाला समजायचं.

सेमी घ्याच, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतनं. सेमीमुळं पोराला डिनॉमिनेटर, रिफ्रॅक्शन आणि ‘हेन्स प्रूव्हड’ येतं, आणि घरातल्यांना वाटतं इंग्रजी आलं. पाहुण्यांसमोर पायथागोरस म्हणून दाखवता येतो. फक्त त्याच पोराला ‘काल शाळेला का आला नाहीस’ हे इंग्रजीत विचारू नका. मराठीत ताप आपल्याला येतो. इंग्रजीत तो आपल्याकडे असतो. हुशार पोर मराठी वाक्य घेतं, एकेक शब्द बदलतं आणि म्हणतं, ‘फीवर केम टू मी.’ त्याचं तरी काय चुकलं? आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी उभं असतं, त्यांचं कर्त्याच्या मागोमाग घुसतं. आपले ‘ला’, ‘त’, ‘वर’ नामाला मागून चिकटतात, त्यांचे पुढं येऊन बसतात. ‘अ’ आणि ‘द’ यांना तर मराठीत जागाच नाही, मग ते कुठं घालायचे हे पोराला कुणी सांगायचं?

आणि गणितातल्या पोराची खोड अशी, की ते नियम शोधतं. मंगळवारी म्हणजे ‘ऑन’, मार्चमध्ये म्हणजे ‘इन’, पाच वाजता म्हणजे ‘ॲट’. ते विचारतं, का? ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कफ’ या चारही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच, आणि चौघांचा उच्चार चार तऱ्हांचा. पुन्हा विचारतं, का? इथं आपण ठामपणे सांगायचं, ‘पाठ कर.’ भाषा कानावरनं आणि डोळ्याखालनं हजार वेळा गेली की आपोआप बसते, नियमानं एवढी बसत नाही, हे चुकूनही सांगायचं नाही. सांगितलं तर पोर वाचायला मागेल.

त्यामुळं पुढचा सल्ला: गोष्टीचं इंग्रजी पुस्तक घरात आणू नये. परीक्षेला नसतं.

आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून उभं आहे. असू दे. तिकडनं जाताना गाडीचा वेग वाढवावा.

तोंडी परीक्षेवर विश्वास ठेवावा. दहा वर्षांचं इंग्रजी तोंडातनं बाहेर काढून बघण्यासाठी शाळेच्या हातात २० गुण असतात. ‘व्हॉट इज युवर नेम’, ‘व्हॉट इज युवर फादर’, झालं, १८. हे भाषेचे २० गुण एका वर्षी काढून टाकले होते, आठवतंय? २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला. केवढा आरडाओरडा! लगेच गुण परत, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी भूगोलाचा पेपर करोनानं खाल्ला, तो भाग वेगळा.) दोन वर्षांत पोरांची भाषा खाली गेली आणि वर आली असं कुणी म्हणू नये. भाषा होती तिथंच होती. पेढे तेवढे वाढले.

बेस्ट ऑफ फाइव्ह आहेच, टक्केवारीत चांगले पाचच विषय धरतात. सहावा विषय कशासाठी असतो?

आता मुख्य सल्ला. पोराला स्वतःचं वाक्य लिहू देऊ नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. कवितेच्या रसग्रहणाचा साचा ठरलेला असतो: कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार आणि मग मध्यवर्ती कल्पना. ती गाइडात चार ओळींत दिलेली असते. त्या चार ओळी जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत. माझ्या लेकीनं नाव लिहिलं, कवी लिहिला, यमक बरोबर ओळखलं, आणि मध्यवर्ती कल्पनेला तिला कविता वाचून जे वाटलं ते लिहून मोकळी झाली. लाल पेनानं त्याखाली आडवी रेघ. रेघेच्या टोकाला दोन शब्द: ‘ओन सेन्टेन्सेस’. मी आधी समजले, कौतुक केलंय.

सरांना विचारलं. सर भले माणूस आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, ‘ताई, पोरगी हुशार आहे, पण स्वतःच्या मनानं लिहिते.’

पुढं अनुभवलेखन होतं. विषय मुसळधार पावसाचा. आमचं माहेर आंबेवाडीचं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. लेक तेव्हा लहान होती आणि सुट्टीला म्हणून आजीकडं अडकली होती. तिनं ते लिहिलं. पाणी सोप्यात आलं, मग चुलीपर्यंत आलं. बोट दाराशी आली तरी आजी म्हशीचा कासरा सोडेना. बोटीतल्या माणसानं आजीला उचलून घेतलं आणि आजी त्याला शिव्या घालत होती. दीड पान. इंग्रजी मोडकंतोडकं, मान्य. ‘माय ग्रँडमदर डिड नॉट वॉन्टेड टू लीव्ह द बफेलो.’ पण मी तो पेपर बाकावर बसून वाचला आणि मला त्या बोटीचा डिझेलचा वास आला. पाचपैकी दोन.

शेजारच्या बाकावरच्या आईनं तिच्या मुलाचा पेपर मोठ्या कौतुकानं दाखवला. त्यानं पाठ केलेली हिल स्टेशनची सहल लिहिली होती, मध्ये ‘इट वॉज रेनिंग हेविली’ हे एक वाक्य चिकटवून. सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, ‘आय शॅल नेव्हर फर्गेट दॅट डे’. पाचपैकी साडेचार. पाऊस पडत असताना याला सूर्य उगवताना आणि मावळताना दोन्ही वेळा कसा दिसला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याच्या आईकडं बघून गिळलं. पोराचा काय दोष? तोही हुशारच आहे. त्याला दोन वर्षांपूर्वीच कळलंय की इथं काय चालतं.

मी सरांना म्हटलं, ‘सर, ‘वॉन्टेड’खाली तुम्ही रेघ मारलीय. तिथं काय पाहिजे ते लिहिलं नाही.’ सर म्हणाले, ‘ताई, साठ पेपर आहेत.’ बरोबर आहे त्यांचं. शिवाय मतदारयादी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. रेघ मारायला एक सेकंद लागतो. ती सगळीकडं सारखीच असते. बरं, बोर्डाचा पेपर तपासणारा तरी काय करणार, त्याच्याकडं गठ्ठा आणि तारीख. त्याला दिसायला हवं ते ठरलेलं, ओळखीचं. वेगळं काही दिसलं की वाचावं लागतं. आणि वाचायला वेळ... जाऊ दे. माझा सल्ला द्यायचा राहून चाललाय.

तर, चुकीची भीती घाला. हुशार पोरांत ती मुळातच असते, फक्त खतपाणी द्यायचं. ज्याला कायम बरोबर यायची सवय असते ते पोर चुकण्यापेक्षा गप्प बसणं पसंत करतं. वर्गात पहिल्या बाकावरची पाच पोरं इंग्रजी बोलत नाहीत ती याचमुळं. त्यांना वाक्य आधी मनात शंभर टक्के बरोबर करायचं असतं, तोवर तास संपतो. याउलट आपल्या चप्पल लाईनीत जाऊन बघा. परदेशी पाहुणा आला की दुकानातला पोरगा चप्पल वाकवून दाखवतो, ‘सर, प्युअर लेदर, हँडमेड, वॉटर नो पुट, टेन इयर गॅरंटी’, आणि दोन जोड गळ्यात मारतो. पुढच्या वर्षी त्याचं इंग्रजी आणखी सुधारलेलं असतं, कारण रोज पन्नास वेळा चुकतो. त्याला कुणी लाल रेघ मारलेली नाही. आपल्याकडं पोरी ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात. इंग्रजीचं एवढं एक बरं, ‘आय केम’ म्हटल्यावर हसायला जागा नाही. पण आमच्या पोरी ‘आय केम’सुद्धा म्हणत नाहीत. मान खाली घालून उभ्या राहतात.

अकरावी-बारावीचं टेन्शन घेऊ नका. सीईटीला इंग्रजी नाही, नीटला नाही, जेईईला नाही. क्लासवाले सांगतात, ‘बारावीला इंग्रजी पास झालं की बास.’ मग इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्या वर्षीची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत का असतात, ते क्लासची फी परत मागायला जाल तेव्हा विचारा.

आता तुम्ही हसत असाल. मला हसू येत नाही. सांगते काय झालंय ते. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं एनडीएचं, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायचं स्वप्न बघतात! त्या परीक्षेत ९०० पैकी २०० गुण नुसत्या इंग्रजीचे आहेत. गणितात पैकीच्या पैकी काढणारी पोरं तिथं अडकतात, आणि आपण म्हणतो, ‘नशीब.’ नशीब कसलं? दहा वर्षं आपण त्यांना इंग्रजी वाचू दिलं नाही, बोलू दिलं नाही, चुकू दिलं नाही. गणित हातानं सोडवायला लावलं म्हणून गणित आलं. इंग्रजी फळ्यावरनं उतरवायला लावलं म्हणून उतरवता आलं. आता परीक्षेत न पाहिलेला उतारा समोर आला की पोर गांगरतं, प्रश्न एका शब्दाचं उत्तर मागतो आणि ते अख्खा परिच्छेद उतरवून ठेवतं. कुठल्यातरी ओळीत उत्तर असेलच! वर आपणच विचारणार, ‘एवढी हुशार, मग इंग्रजीत काय झालं?’

याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. स्वतः ते धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिकले, आणि फ्रेझरसाहेब त्यांना पुस्तकाबाहेर काढून देशभर हिंडवून आणत होते. आपण आपल्या पोरांना गाइडाच्या चार ओळींतनं बाहेर पडू देत नाही. जयंतीला मात्र भाषण पाठ करायला लावतो. इंग्रजीत.

आणि आपण पालक! स्टाफरूमला नावं ठेवायला मी पहिली. पण सहावीत असताना लेकीनं एकदा जेवताना इंग्रजीत काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, तर मीच म्हटलं होतं, ‘आधी नीट वाक्य कर, मग बोल.’ तिनं तेव्हापासनं जेवताना तोंड उघडलेलं नाही. तुमच्या घरातही हेच झालंय. आठवून बघा, आणि झालं नसेल तर तुमच्या लेकराला आमच्याकडं पाठवा, मला बघायचंय.

सोमवारपासनं ती हिल स्टेशनचा निबंध पाठ करतेय. माथेरानचा. माथेरानला आम्ही कधी गेलेलो नाही. आजी शेजारी बसून ऐकते आणि विचारते, ‘ह्यात म्हस कुठं हाय?’

सर, तुम्ही हे वाचलंत तर एवढंच. ‘डिड नॉट’च्या पुढं ‘वॉन्ट’ येतं, ‘वॉन्टेड’ नाही, कारण भूतकाळ ‘डिड’नं आधीच सांगून टाकलेला असतो. काल रात्री मी हे लेकीला सांगितलं. तिला एका झटक्यात कळलं, वर तिनं स्वतःच अजून तीन वाक्यं करून दाखवली. घड्याळ लावून बसले होते. चाळीस सेकंद लागले.