खुलासा : कोंकणी ही मराठीची बोली नाही

गिरगाव-दादरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'कोंकणी ही मराठीचीच बोली, १९९२ साली राजकारणाने तिला भाषा केलं.' हे चुकीचं आहे. १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आली, इतकंच. साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून १९७५ सालीच मान्यता दिली होती. मान्यतेपेक्षा मला व्याकरण जास्त बोलकं वाटतं. आपलं 'मी' कोंकणीत 'हांव', आपला 'घोडा' तिकडे 'घोडो'. हिंदीने गमावलेलं नपुंसकलिंग मात्र दोघींनी जपलंय. त्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. गोंधळ बहुधा लालबाग-परळला कानावर पडणाऱ्या मालवणीमुळे होतो. तिच्यात 'घोडो' आहे, पण 'हांव' नाही; तिला कुणी मराठीची बोली मानतात, तर कुणी कोंकणीची.